एकही शब्द नसलेलं भाषण

बालमित्रांनो, भाषण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पंधरा ऑगस्टची सकाळ, इस्त्रीचा गणवेश, हातात घामानं ओला झालेला कागद आणि ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ अशी एका दमात म्हटलेली सुरुवात. पुढचं आठवलं तर ठीक, नाही तर बाई पडद्याआडून हळूच सांगतातच!

पण आज मी तुम्हाला एका अशा भाषणाची गोष्ट सांगणार आहे, ज्यात बोलणारा माणूस एक शब्दही बोलला नाही. तरी भाषण संपल्यावर सगळी सभा उठून टाळ्या वाजवू लागली म्हणे!

ही गोष्ट आहे ३१ ऑक्टोबर १९०३ ची. ठिकाण अमेरिकेतलं न्यूयॉर्क शहर. तिथे अमेरिकेच्या गणित-संस्थेची सभा भरली होती. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचं नाव पुकारलं गेलं. विषय होता, मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी. कोल उठले, फळ्याजवळ गेले, खडू घेतला. नमस्कार नाही की प्रस्तावना नाही. त्यांनी २ ला २ ने गुणायला सुरुवात केली. गुणत गुणत ते २ च्या ६७ व्या घातापर्यंत पोहोचले. त्यातून १ वजा केला. फळ्यावर ही संख्या उभी राहिली :

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

मग ते फळ्याच्या दुसऱ्या, कोऱ्या भागाकडे गेले आणि तिथे त्यांनी दोन संख्या मांडल्या :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

आपण शाळेत करतो तसाच उभा गुणाकार. एकेक ओळ, एकेक हातचा. शेवटी बेरीज केली. उत्तर आलं, तंतोतंत पहिलीच संख्या! कोल यांनी खडू ठेवला आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले. कोणी एकही प्रश्न विचारला नाही. विचारणार तरी काय? सगळं फळ्यावरच होतं.

एरिक टेंपल बेल नावाच्या गणितज्ञानं ही हकीकत पुढे लिहून ठेवली. सांगताना त्यात थोडं तिखटमीठ पडलंही असेल. पण फळ्यावरच्या त्या गुणाकारात मात्र तिखटमीठ नाही. तो आजही तुम्ही करून पाहू शकता. आता तुम्ही म्हणाल, “गुणाकार तर आम्हीही करतो. त्यात टाळ्या कसल्या?” तेच तर सांगायचं आहे!

ही संख्या आहे तरी केवढी?

तुम्हाला बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट माहीत असेल. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दुप्पट दुप्पट दाणे मागणारा तो हुशार माणूस आणि आधी हसून नंतर घाम पुसणारा राजा! त्या पटाला ६४ घरं असतात. समजा, त्या पटाला आणखी तीनच घरं असती, म्हणजे ६७, तर सगळे मिळून जितके दाणे झाले असते, तितकीच ही आपली संख्या आहे. पडताळा छोट्या पटावर घ्या. दोन घरांत १ + २ = ३ दाणे. तीन घरांत १ + २ + ४ = ७ दाणे. चार घरांत १५. प्रत्येक वेळी पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा एक कमी. म्हणून ६७ घरांत २ चा ६७ वा घात वजा १.

आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन लिहिली तर ती अशी दिसते : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकूण २१ अंक. एकं, दहं, शतं म्हणत वाचायला जाल तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली नावंसुद्धा अपुरी पडतात. तिथे कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत करत शेवटचं नाव येतं परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्यं. आपली संख्या त्याच्याही पुढे जाते. ती १४७५ परार्धांहूनही मोठी आहे!

मर्सेन यांची यादी

आता थोडं मागे जाऊ. फ्रान्समध्ये पॅरिसला मारँ मर्सेन (१५८८–१६४८) नावाचे एक ख्रिस्ती साधू राहत. त्या काळी विज्ञानाची मासिकं नव्हती. मग फर्मा, देकार्त यांच्यासारखे मोठे विद्वान आपले शोध मर्सेन यांना पत्रानं कळवत आणि मर्सेन ते इतरांना कळवत. एक माणूस म्हणजे अख्खं टपालखातंच म्हणा ना!

मर्सेन यांना मूळ संख्यांचा नाद होता. मूळ संख्या तुम्हाला ठाऊक आहे. जिला १ आणि ती स्वतः यांच्याशिवाय कोणत्याही संख्येनं पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या. आणि जिचे असे तुकडे पडतात, ती संयुक्त संख्या. उदाहरणार्थ, १५ म्हणजे ३ × ५.

आता आपल्या दाण्यांच्या बेरजा पाहा :

२ घरं : ३ (मूळ)
३ घरं : ७ (मूळ)
४ घरं : १५ = ३ × ५ (संयुक्त)
५ घरं : ३१ (मूळ)
६ घरं : ६३ = ७ × ९ (संयुक्त)
७ घरं : १२७ (मूळ)

काही लक्षात आलं? घरांची संख्या संयुक्त असेल तर बेरीजही संयुक्तच येते. हा नियम पक्का आहे, तो कधीच मोडत नाही. आता उलट पाहू. घरांची संख्या मूळ असेल, तर बेरीजही मूळच येणार का? २, ३, ५, ७ पर्यंत तर तसंच दिसतं. मोह होतो ना, ‘हो’ म्हणायचा? थांबा. ११ घरं घ्या. बेरीज येते २०४७. आणि २०४७ = २३ × ८९. गेला नियम! चार उदाहरणं जुळली म्हणून पाचवं जुळेलच असं नाही. गणितातला हा फार मोठा धडा आहे.

मग कोणत्या घरांना मूळ संख्या येते? १६४४ साली मर्सेन यांनी एका पुस्तकात यादीच देऊन टाकली. ते म्हणाले, २५७ घरांपर्यंत फक्त ११ ठिकाणी मूळ संख्या येते : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. बाकी सगळीकडे संयुक्त.

यादीतला ६७ पाहिलात ना? म्हणजे मर्सेन यांच्या मते आपली २१ अंकी संख्या मूळ होती. त्यांनी ती तपासली कशी? खरं सांगायचं तर तपासली नव्हती. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. पण मोठ्या माणसानं छापील पुस्तकात लिहिलेली यादी! तिला खोटं म्हणायचं तर पुरावा हवा. तो कोण देणार?

पुरावा देणं किती अवघड, त्याचा हिशोब करू. संख्या संयुक्त असेल तर तिचा १ सोडून निदान एक अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. आपल्या संख्येचं वर्गमूळ येतं साधारण १२१४ कोटी. एका सेकंदाला एक भागाकार, तोही न झोपता, न जेवता, अशा वेगानं २, ३, ४ करत तिथपर्यंत जायचं म्हटलं तरी सुमारे ३८५ वर्षं लागतील! मर्सेन यांनी यादी लिहिली तेव्हापासून आजपर्यंतचा जवळजवळ सगळा काळ.

चोर आहे, पण कोण ते ठाऊक नाही

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं एक गंमत केली. त्यांनी सिद्ध केलं, की २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही. म्हणजे मर्सेन चुकले! पण तिचे अवयव कोणते? ते मात्र ल्युका यांना सापडले नव्हते.

“हे कसं शक्य आहे, बाई? अवयव सापडलेच नाहीत, तर संयुक्त कशावरून?” असं तुम्ही नक्की विचाराल. आपल्या शाळेतलंच उदाहरण घ्या. वर्गात ४० मुलं आहेत. दुपारी खिचडी वाढली. प्रत्येक वेळी नवी ताटली घ्यायची असा नियम. जेवण झाल्यावर धुवायला टाकलेल्या ताटल्या मोजल्या तर भरल्या ४१. यावरून काय कळतं? कोणीतरी दोनदा जेवलं! कोण, ते ठाऊक नाही. पण जेवलं आहे हे शंभर टक्के खरं. ल्युका यांची कसोटी अशीच होती. ‘या संख्येला अवयव आहेत’ एवढं ती छातीठोकपणे सांगते. नाव मात्र सांगत नाही.

ही कसोटी पुढे १९३० साली लेमर या अमेरिकन गणितज्ञानं आणखी सोपी केली. ती इतकी सोपी आहे, की तुम्हीही करू शकाल. खाली चौकटीत दिली आहे.

हेच ल्युका मुलांचेही मित्र होते बरं का! तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचं ‘हनोईचा मनोरा’ हे कोडं त्यांनीच १८८३ साली बाजारात आणलं. एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी चकती लहान चकतीवर ठेवायची नाही, आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. तीन चकत्यांना कमीत कमी ७ चाली लागतात, चार चकत्यांना १५, पाचांना ३१. ओळखीचे आकडे आहेत ना? ६७ चकत्या घेतल्या तर लागणाऱ्या चाली म्हणजे आपलीच २१ अंकी संख्या! घरातली डब्यांची लहानमोठी झाकणं घेऊन तुम्ही हा खेळ खेळू शकता. मात्र पाचपेक्षा जास्त झाकणं घ्याल तर आईला आधी विचारा. स्वयंपाकाला उशीर होईल!

तीन वर्षांचे रविवार

ल्युका यांच्यानंतर २७ वर्षं गेली. संख्या संयुक्त आहे हे ठाऊक, पण अवयव गायब. आणि मग १९०३ साली कोल फळ्याजवळ गेले.

हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असं बेल यांनी कोल यांना पुढे विचारलं होतं. कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. म्हणजे दीडशेच्या वर रविवार! कॅल्क्युलेटर नाही, संगणक नाही. कागद, पेन्सिल आणि चिकाटी.

पण नुसत्या चिकाटीनं काम झालं नसतं. त्यांच्या हातात काही खुणा होत्या. त्यातली एक तुम्हालाही समजेल. घरांची संख्या २ सोडून दुसरी कोणतीही मूळ संख्या असेल, तर बेरजेच्या प्रत्येक अवयवाला घरांच्या दुपटीनं भागल्यावर बाकी १ च उरते. ११ घरांचं उदाहरण घ्या. ११ ची दुप्पट २२. २३ ला २२ ने भागलं, बाकी १. ८९ ला २२ ने भागलं, बाकी १. जुळलं! या युक्तीचा उपयोग फर्मा यांनी १६४० सालीच केला होता आणि ३७ घरांच्या बेरजेला २२३ नं भाग जातो हे शोधलं होतं. ३७ ची दुप्पट ७४, आणि २२३ = ७४ × ३ + १.

आपल्याकडे ६७ घरं आहेत. दुप्पट १३४. म्हणजे १३४ नं भागून १ बाकी उरते अशाच संख्या तपासायच्या. बाकीच्यांकडे पाहायचंही नाही. काम एकदम १३४ पटींनी कमी! तरीही १९३७०७७२१ येईपर्यंत अशा १४ लाख ४५ हजार ५८० संख्या वाटेत लागतात. हातानं एका भागाकाराला पाच मिनिटं धरली आणि रोज आठ तास काम केलं, तरी ४१ वर्षं होतात. नुसत्या रविवारी तर ते जमणंच शक्य नाही. म्हणून कोल यांनी बाक्यांचा आणखी बारीक अभ्यास केला. कोणत्या प्रकारच्या संख्या अवयव असूच शकत नाहीत, हे आधी शोधून त्यांनी गटच्या गट वगळले. गर्दीत हरवलेलं मूल शोधताना प्रत्येक चेहरा पाहण्यापेक्षा ‘निळा सदरा’ एवढीच खूण पकडून पाहावं, तसंच हे.

आणि शेवटी हाती आलं काय? १९ कोटी ३७ लाख ७ हजार ७२१, आणि ७६ हजार १८३ कोटी ८२ लाख ५७ हजार २८७. या दोन्ही मूळ संख्या आहेत. त्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत.

मर्सेन यांच्या यादीत पुढे आणखी चुका निघाल्या. त्यांनी ६१, ८९ आणि १०७ ही घरं गाळली होती, तिथे मूळ संख्या येते. आणि २५७ चुकीनं घातलं होतं. एकूण पाच चुका. तरीही अशा मूळ संख्यांना आज जगभर ‘मर्सेन मूळ संख्या’च म्हणतात. त्यांची उत्तरं चुकली, पण त्यांच्या प्रश्नानं साडेतीनशेहून अधिक वर्षं माणसांना कामाला लावलं. कोल यांच्या नावानंही अमेरिकेची गणित-संस्था पारितोषिक देते. २००८ साली ते भारतीय वंशाचे गणितज्ञ मंजुल भार्गव यांना मिळालं.

फोडणं अवघड, जोडणं सोपं

आता या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची गंमत. अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, पण ते बरोबर आहेत हे तपासायला एक गुणाकार पुरला! दूध आणि पाणी एकत्र करणं सोपं, पण वेगळं करणं? तसंच हे.

याच फरकाचा उपयोग करून १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी एक गुप्त कुलूप तयार केलं. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या आणि त्यांचा गुणाकार सगळ्यांना सांगून टाकायचा. कुलूप उघडायला मात्र त्या दोन मूळ संख्या ठाऊक हव्यात. इंटरनेटवर पत्ते, पैसे, निरोप सुरक्षित ठेवायला अशी कुलपं वापरतात. त्यांतली संख्या सहाशेहून जास्त अंकी असते. कोल यांची २१ अंकी संख्या आजचा संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडतो. पण २०२० साली अशीच एक २५० अंकी संख्या फोडायला हजारो संगणकांना काही महिने खपावं लागलं!

आणि नुसती मूळ आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल तर? २००२ साली आपल्या कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी त्यासाठी अशी पद्धत दिली, की जी कोणत्याही संख्येला चालते, झटपट चालते आणि कधीच चुकत नाही. पण ल्युका यांच्यासारखंच, चोर आहे एवढंच ती सांगते. नाव सांगत नाही.

मर्सेन यांचा खेळही संपलेला नाही. १९९६ पासून जगभरातली हौशी माणसं आपापले संगणक जोडून नव्या मर्सेन मूळ संख्या शोधत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना बावन्नावी सापडली. घरं १३,६२,७९,८४१ आणि उत्तरात चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक. ती लिहायला किती वह्या लागतील, ते तुम्हीच काढा!

तुम्हीच करून पाहा

१) ल्युका-लेमर कसोटी : ४ पासून सुरुवात करा. त्याचा वर्ग करा, २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवा. त्या बाकीचं पुन्हा तसंच करा. घरांच्या संख्येपेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचं (घरं मात्र दोनांहून जास्त हवीत). शेवटी बाकी ० आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त.

५ घरं, संख्या ३१. तीन वेळा करायचं. ४ चा वर्ग १६, वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी ०. म्हणून ३१ मूळ!

आता २०४७ साठी नऊ वेळा करा. बाक्या अशा येतील : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी ० नाही, म्हणून संयुक्त.

२) कोल यांचा गुणाकार तपासा : पूर्ण गुणाकार करायला एक रविवार पुरे. त्याआधी एक झटपट पडताळा घ्या. १९३७०७७२१ मधल्या अंकांची बेरीज ३७, पुन्हा बेरीज १०, पुन्हा १. ७६१८३८२५७२८७ ची बेरीज ६४, मग १०, मग १. त्यांचा गुणाकार १ × १ = १. आता २१ अंकी संख्येची बेरीज करा : १०९, मग १०, मग १. जुळलं! पण सावधान. ही बेरीज जुळली नाही, तर गुणाकार नक्की चुकला. जुळली, तर तो बरोबर असेलच असं नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तर ही युक्ती ती पकडू शकत नाही.

आणि आता बाईंची गोष्ट

ही हकीकत मला इतकी का आवडते, ते सांगून थांबते. सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते.

काही वर्षांपूर्वी मी सहावीच्या वर्गावर होते. फळ्यावर पन्नास ते शंभरमधल्या मूळ संख्या लिहून दिल्या. ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९१, ९७. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. फारसं न बोलणारी, संध्याकाळी वडिलांच्या किराणा दुकानात बसणारी. ती हळूच म्हणाली, “बाई, तेरा सत्ते एक्क्याण्णव.”

तास संपत आला होता. मी घाईत होते. मला वाटलं, ती पाढ्याचं काहीतरी वेगळंच बोलते आहे. मी म्हटलं, “मध्ये बोलू नको. आधी फळ्यावरचं उतरवून घे.” ती खाली बसली.

संध्याकाळी घरी वह्या तपासायला घेतल्या. तिची वही हातात आली आणि ९१ वर नजर थांबली. तेरा सत्ते... माझी चूक माझ्या लक्षात आली. पण मला त्याहून दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. तिच्या वहीत ९१ होतं! तिला खरं काय ते ठाऊक होतं. तरी बाईंनी सांगितलं म्हणून तिनं खोटं उतरवून घेतलं होतं. चाळीसच्या चाळीस वह्यांत ९१, पण त्या एका वहीतलं ९१ मला रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला फळ्यापाशी बोलावलं, खडू दिला आणि म्हटलं, “काल काय म्हणत होतीस, ते लिही.” ती काही बोलली नाही. तिनं लिहिलं, १३ × ७ = ९१. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. मी वर्गाला सांगितलं, “काल बाई चुकल्या. ही बरोबर होती.” वर्ग क्षणभर गप्प झाला. मग टाळ्या पडल्या. त्या दिवशी प्रत्येक वहीतलं ९१ मी स्वतः लाल पेननं खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘चूक बाईंची.’

कोल यांची गोष्ट मी त्यानंतर वाचली आणि मला माझा वर्ग आठवला. न्यूयॉर्कचा फळा असो की आपल्या शाळेचा, गुणाकाराला मोठा-लहान कळत नाही. मर्सेन मोठे होते, पुस्तक छापील होतं, अडीचशे वर्षं जुनं होतं. पण गुणाकार खरा होता.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मूल जेव्हा आपली चूक दाखवतं, तेव्हा बहुतेक वेळा आपण घाईत असतो. ‘उलट बोलू नको’ हे शब्द पटकन तोंडात येतात. मूल चुकीचंही असू शकेल. पण ‘दाखव बरं करून’ एवढं म्हणायला फार वेळ लागत नाही.

आणि मुलांनो, तुम्हीही एक लक्षात ठेवा. नुसतं ‘चूक आहे’ म्हणून चालणार नाही. त्यासाठी पाढे पाठ हवेत, कागद-पेन्सिल हवी आणि कधी कधी काही रविवारही हवेत. मग मोठ्यानं बोलायचीसुद्धा गरज पडत नाही.

या लेखातले आकडे मी दोनदा तपासले आहेत. पण तुम्ही तिसऱ्यांदा तपासा. चूक सापडली तर पत्र पाठवा. बाई वाट पाहतील!